चेंडू आणणारा

फेरो बेटांवरच्या आमच्या टोकाच्या गावात
मैदान म्हणजे कड्यावर अंथरलेली हिरवी सतरंजी.
तीन बाजूंना समुद्र, चौथीला मेंढ्या.
वारा कुणाच्याच संघात नाही,
तरी एक दिवस खाडा करत नाही.

माझं काम खाली, होडीत.
गोलमागून चेंडू पाण्यात गेला
की वरून आरोळी येते,
"तुम्मासss! गेलाss!"
मग मी वल्ही मारत निघतो
आणि लांब दांड्याच्या जाळीनं
दुधावरची साय काढावी
तसा अलगद उचलतो चेंडू.
एकतीस वर्षं झाली.
माझ्या जाळ्यात मासे कमी आले असतील,
चेंडूच जास्त.

खालून मला सामना दिसत नाही.
किती गोल झाले, कुणी कुणाला हरवलं,
काही कळत नाही.
ऐकू येतात धावणारे पाय,
फुललेले श्वास, कुणाची तरी कुरकुर
आणि हसणं.
हरणाऱ्यांचं कुठलं, जिंकणाऱ्यांचं कुठलं,
अजून मला ओळखता आलेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात होडीत एक पाहुणा आला.
ब्रांदुर. वय वर्षं नऊ,
चष्म्याला दोरी, खिशात सुकं मटण.
म्हणाला, "मला नाही खेळायचं.
मला लिंबूटिंबू म्हणून घेतात.
आणि मी मारला की चेंडू
आमच्याच गोलकडे जातो."
मी म्हटलं, "बस.
इथे पडलास तर पोहावं लागेल, एवढंच."

पहिल्या दिवशी त्यानं वल्हं धरलं
शिंक आल्यावर रुमाल धरतात तसं.
होडी गोल गोल फिरली.
कड्यावरचे पफिन पक्षी
माना वाकड्या करून बघत राहिले.
चौथ्या दिवशी तळहाताला फोड.
त्यानं तो मला दाखवला
शाळेत मिळालेलं पदक दाखवावं तसा.

चेंडू काढला की वर पोचवायचा असतो.
एकशे बारा पायऱ्या, माझा गुडघा कुरकुरतो,
म्हणून ते काम त्याच्याकडे.
आधी तो तीनदा बसायचा,
मग एकदा,
मग परत येताना शीळ घालत यायचा
आणि वर जाताना मेंढ्यांना मागे टाकायचा.
मी काही बोललो नाही.
"बघ, तू खेळतोयस," असं सांगितलं असतं
तर थांबला असता पठ्ठ्या.

मग जुलैतली एक रात्र.
अकरा वाजले तरी उजेड हटायला तयार नाही,
पोरंही घरी जायला तयार नाहीत.
ब्रांदुर चेंडू घेऊन वर गेला
आणि खाली आलाच नाही.
सुन्निवाचा पाय मुरगळला होता म्हणे,
एक भिडू कमी पडत होता.
मी होडीत एकटा,
कान वर, वल्ही थांबलेली.

पाय वाजले.
ओळखीचे, थोडे फेंगडे.
कुणीतरी धपकन पडलं.
कुणीतरी उठलं.
मग एक दणका,
आणि चेंडू गोलवरून, मेंढ्यांवरून,
वाऱ्याच्या खांद्यावर बसून
इतका लांब गेला
की एकतीस वर्षांत
मला तिथवर कधी जावं लागलं नव्हतं.

क्षणभर सगळं गप्प.
मग कड्यावर हसण्याचा डोंगर कोसळला,
आणि त्या हसण्याच्या मधोमध
धापा टाकत, चिरका, आनंदानं फाटलेला
एक आवाज:
"तुम्मासss! माझा गेलाss!"

मी वल्हं उचललं.
मुद्दाम हळूहळू निघालो.
त्यांना अजून थोडं हसू दे.
चेंडू काय,
पाण्यावर तरंगत राहतो.